सर्वोत्कृष्ट कोण ठरतो?

खो-खोच्या सामन्याची बातमी वाचताना खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन आकडे दिसतात. ‘२.१० मि. व ३ गडी’ असे काहीतरी. पुष्कळ वाचक ते ओलांडून पुढे जातात. मला मात्र त्या कंसाचे फार कौतुक आहे. तो खेळाडू स्वतः किती वेळ बाद न होता पळाला आणि त्याने समोरच्या संघाचे किती गडी टिपले, एवढे सगळे त्या चिमूटभर जागेत मावते. सामना संपल्यावर सर्वोत्कृष्ट खेळाडूचे नाव पुकारतात, तेव्हा परीक्षकांसमोर बहुतेक वेळा हाच कंस असतो.

मी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत तीसेक वर्षे तपासणी विभागात काम केले. सुटीच्या दिवशी भोसरी, दिघी, चऱ्होलीकडच्या मैदानांवर खो-खोचा गुणलेखक म्हणून टेबलाशी बसलो. दोन्हीकडे काम एकच, समोर घडेल ते रकान्यात भरायचे. त्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात नेहमी घोळत राहिला. ज्या गोष्टीला कागदावर रकानाच नाही, तिचे पुढे काय होते? सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पुरस्कार आणि बदलते काळ यांचे नाते मला या प्रश्नातूनच कळत गेले. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

निमित्तही चांगले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. १९ जानेवारीला महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. भारताची कर्णधार होती प्रियांका इंगळे. कुटुंब मूळचे बीड जिल्ह्यातले, पण मुलगी वाढली आणि खेळली ती आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये. या शहरात पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी एका घरातली मुलगी विश्वविजेत्या संघाची कर्णधार झाली, याचा आनंद आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांवरही साजरा झाला. त्याच दिवशी पुरुषांनीही नेपाळला ५४-३६ असे नमवले आणि तिथे कर्णधार होता पुण्याचा प्रतीक वाईकर.

प्रियांकाच्या नावावर जे वैयक्तिक पुरस्कार आहेत त्यांची नावे पाहा. किशोरी गटातली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून तिला ‘इला’ पुरस्कार मिळाला. पुढे वरिष्ठ गटात २०२२ मध्ये ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय खो-खो स्पर्धांत प्रत्येक गटाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला असा एका नावाचा पुरस्कार देतात. पुरुषांसाठी ‘एकलव्य’, महिलांसाठी ‘राणी लक्ष्मीबाई’. कुमार गटात मुलांसाठी ‘वीर अभिमन्यू’, मुलींसाठी ‘जानकी’. त्याखालच्या किशोर गटात ‘भरत’ आणि ‘इला’.

ही नावे वाचली की ती देणारी माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. खो-खो हा आपल्या आखाड्यांतून, व्यायामशाळांतून आणि शाळांच्या पटांगणांतून आलेला खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याला नियमांची पहिली चौकट दिली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. हा खेळ चालवणारी मंडळी बहुधा शिक्षक, व्यायामशिक्षक, सार्वजनिक कामात रमणारी. त्यांना पुरस्कारासाठी नाव हवे होते तेव्हा ते त्यांनी पुराणातून आणि इतिहासातून काढले. भरत म्हटले की सिंहाचे दात मोजणारे शकुंतलेचे धीट पोर आठवते. अभिमन्यू म्हटले की चक्रव्यूह आठवतो, आणि खरोखरच आठ बसलेले नि एक धावता अशा नऊ जणांच्या जाळ्यातून एकट्याने वाट काढणारा कुमार वयाचा खेळाडू पाहिला तर याहून नेमके नाव सुचणार नाही. एकलव्य म्हणजे साधना आणि निष्ठा. तोच एकलव्य गुरूच्या शिष्यांच्या यादीत कधीच नव्हता, हेही मला गुणलेखक म्हणून आठवल्यावाचून राहत नाही.

त्या काळात या पुरस्काराबरोबर मोठी रक्कम येत नसे. मान मिळे, ढाल मिळे, वर्तमानपत्रात नाव छापून येई. पुरस्कार गुणांचा होता, पण ‘गुण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात मिसळलेले होते. खेळाडूने मिळवलेले गुण पाहायचे आणि खेळाडूच्या अंगचे गुणही पाहायचे.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ या. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये म्हणजे ‘एनबीए’मध्ये १९५५-५६ च्या हंगामापासून ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ निवडतात. पहिला मानकरी बॉब पेटिट. सत्तर वर्षांची ही सलग यादी हातात घेतली तर काळ कसा बदलत गेला ते एखाद्या आलेखासारखे दिसते. आपल्याकडे खो-खोला एवढी सविस्तर आकडेवारी ठेवायची सवय नाही, म्हणून हा दाखला उपयोगी पडतो.

या यादीतले १९६० ते १९८३ हे २४ हंगाम पाहा. त्यांतले २२ पुरस्कार ‘सेंटर’ या जागेवर खेळणाऱ्यांना, म्हणजे संघातल्या सर्वांत उंच, टोपलीखाली उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना मिळाले. अपवाद दोनच, १९६४ मध्ये ऑस्कर रॉबर्टसन आणि १९८१ मध्ये ज्युलियस अर्विंग. तेव्हाचा खेळच तसा होता. टोपलीजवळ उभा राहील तो सामना जिंकून देईल. करीम अब्दुल-जब्बार या सव्वासात फुटी खेळाडूला हा मान सहा वेळा मिळाला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

१९७९-८० मध्ये या लीगने मैदानावर एक नवी रेषा आखली. तिच्याबाहेरून चेंडू टाकला तर दोनऐवजी तीन गुण. सुरुवातीला तिचे फारसे कुणी मनावर घेतले नाही. पण हळूहळू प्रशिक्षकांनी हिशेब मांडला, मुलांनी लांबून नेम धरायचा सराव केला, आणि २०१५-१६ च्या हंगामात स्टीफन करीने त्या रेषेबाहेरून ४०२ वेळा चेंडू टोपलीत टाकला. त्या वर्षी सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून त्याला सगळीच्या सगळी मते मिळाली. असे एकमत त्यापूर्वी कधी झाले नव्हते. मैदानावर एक रेषा ओढली गेली आणि ३६ वर्षांनी सर्वोत्कृष्ट खेळाडूची व्याख्या टोपलीखालून उठून रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. काळ बदलतो तो असा. आधी नियम बदलतो, मग मुलांचा सराव बदलतो आणि सर्वांत शेवटी पुरस्कार बदलतो.

याच यादीत १९६१-६२ च्या हंगामाची एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. एका सामन्यात तर त्याने एकट्याने १०० गुण केले. एवढी सरासरी ना त्यापूर्वी कुणाची होती ना त्यानंतर कुणाची झाली. तरी त्या वर्षीचा मौल्यवान खेळाडू ठरला बॉस्टनचा बिल रसेल. रसेलची ख्याती बचावाची. समोरच्याचा चेंडू हवेत अडवणे, त्याला टोपलीजवळ यायचीच भीती घालणे, ही त्याची कामगिरी. आणि गंमत म्हणजे अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद त्या काळी ठेवतच नसत. तो रकाना १९७३-७४ पासून आला. रसेल तोवर निवृत्तही झाला होता. रसेलला पाच वेळा मौल्यवान ठरवले गेले ते ज्या कामासाठी, त्या कामाचा एकही अधिकृत आकडा उपलब्ध नाही.

मग त्याला निवडले कुणी? तर खेळाडूंनीच. १९८० पर्यंत या पुरस्कारासाठी खेळाडू मते देत. ज्यांचे चेंडू रसेलने अडवले होते, ज्यांनी त्याच्या धाकाने वाट बदलली होती, त्यांना कागदाची गरज नव्हती. त्यानंतर मते देण्याचे काम क्रीडा पत्रकार आणि समालोचकांकडे गेले. पत्रकार शेकडो सामने पाहतो, पण रोज सगळीकडे हजर राहू शकत नाही. साहजिकच त्याचा भर आकड्यांवर वाढतो. २०२३-२४ पासून तर साधारणपणे किमान ६५ सामने खेळल्याशिवाय नाव विचारात घ्यायचे नाही, असा नियम झाला. दूरचित्रवाणीसाठी पैसे मोजणाऱ्यांना मोठे खेळाडू मैदानावर दिसायला हवेत, हे त्यामागचे उघड कारण. २०२२ मध्ये करंडकाला मायकेल जॉर्डनचे नाव दिले गेले, त्याआधी तो लीगच्या पहिल्या अध्यक्षांच्या नावाने दिला जाई. २०१९ ते २०२५ या सात हंगामांचे मानकरी अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून, कॅनडा. एकेका नावात तो तो काळ येऊन बसला आहे.

आता आपल्या मातीतल्या कबड्डीकडे या. भोसरी परिसरात कबड्डीचे वेड किती आहे ते मी सांगायला नको. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी आला. पहिल्या हंगामात हा मान यू मुंबाच्या अनुप कुमारला मिळाला आणि दुसऱ्यात मनजीत चिल्लरला. अनुप म्हणजे थंड डोक्याचा कर्णधार, मनजीत म्हणजे चढाई आणि पकड दोन्ही करणारा अष्टपैलू. पण तिसऱ्या हंगामापासून नवव्या हंगामापर्यंत सलग सात वेळा हा पुरस्कार चढाईपटूलाच गेला. रोहित कुमार, दोनदा परदीप नरवाल, पवन सेहरावत, दोनदा नवीन कुमार आणि अर्जुन देशवाल. परदीपने पाचव्या हंगामात चढायांमधून तब्बल ३६९ गुण मिळवले होते.

यामागे कुणाचा पक्षपात नाही. चढाई करणारा एका दमात दोन-तीन गडी मारून आणू शकतो. पकड सात जण मिळून करतात, आणि गुण लागतो तो ज्याने पहिला हात घातला त्याच्या नावावर. शिवाय दूरचित्रवाणीचा कॅमेराही तीस सेकंद चढाईपटूच्याच मागे असतो. परिणाम मी मैदानावर पाहिला. कबड्डीला आलेल्या दहा मुलांपैकी नऊ जणांना चढाई करायची असते. कोपरा सांभाळायला कुणी तयार नसते. ‘कोपऱ्यात कोण उभा राहणार?’ असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

पुढे वारे थोडे फिरले. २०२३-२४ चा दहावा हंगाम पुणेरी पलटणने जिंकला आणि मौल्यवान खेळाडू ठरला त्यांचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. तो चढाईही करतो आणि पकडही. त्यानंतरच्या हंगामात हा मान इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईला मिळाला आणि त्याची मूळ ओळख तर बचावपटू म्हणूनच. दोन वर्षांत दोन अष्टपैलू. कोपऱ्यात उभे राहायला मुले पुन्हा तयार होऊ लागली, तर त्याचे थोडे श्रेय या दोन नावांना द्यावे लागेल.

खो-खोतही असाच एक मोठा बदल आपल्या दारात घडला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘अल्टिमेट खो-खो’ या लीगचा पहिला हंगाम झाला. त्यात काय बदलले ते कळण्यासाठी आधी जुना हिशेब सांगतो. पारंपरिक खो-खोत नऊ मिनिटांचा डाव असतो. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ जण मध्यपाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. संरक्षण करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. एक गडी बाद झाला की एक गुण. तो कसाही बाद झाला तरी एकच.

यात संरक्षण करणाऱ्याच्या पळण्याला स्वतंत्र गुण नाही. एखादी मुलगी तीन मिनिटे पळाली, तर तिने समोरच्या संघाचा एकतृतीयांश वेळ खाल्ला. सामना तिथेच फिरतो. पण गुणफलकावर तिच्या नावाने काहीच हलत नाही. तिची ती तीन मिनिटे जिवंत राहतात ती फक्त वेळाधिकाऱ्याच्या घड्याळामुळे आणि दुसऱ्या दिवशी बातमीतल्या त्या कंसामुळे. म्हणून म्हणतो, त्या कंसाचे मला कौतुक आहे. बास्केटबॉलला अडवलेल्या चेंडूंची नोंद ठेवायला १९७३ उजाडले. आपल्या खो-खोने मात्र संरक्षणाची वेळ मिनिट-सेकंदांत टिपून ठेवायची पद्धत कधीची पाळली आहे.

नव्या लीगने डाव सात मिनिटांचा केला आणि हिशेब बदलला. पहिल्या हंगामात साध्या स्पर्शाने गडी टिपला तर दोन गुण, सूर मारून किंवा खांबावर झेप घेऊन टिपला तर तीन. आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ तुकडी टिकली, तर पुढच्या दर तीस सेकंदांना संरक्षण करणाऱ्यांनाही गुण. याला त्यांनी ‘ड्रीम रन’ म्हटले. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशाने तेलुगू संघावर ४६-४५ असा एका गुणाने जिंकला. तो फिरवला अखेरच्या क्षणी सूरज लांडेने मारलेल्या तीन गुणांच्या सुराने. जुन्या नियमात त्याच सुराला एक गुण मिळाला असता. अंगाला तीच माती लागली असती, कोपर तसेच खरचटले असते, पण मोल वेगळे झाले असते.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही शेवटच्या डावात चैत्रा बी. हिच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ पळून दाखवले. त्या पळण्याचे गुण फलकावर चढले आणि सामन्यातली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून चैत्राचेच नाव पुकारले गेले. उत्कृष्ट आक्रमक ठरली भारताची अंशू कुमारी, तर उत्कृष्ट संरक्षक हरलेल्या नेपाळची मनमती धामी. संरक्षणाला गुण मिळू लागले, आणि संरक्षण करणारी मुलगी सर्वोत्कृष्ट ठरू लागली. हा बदल मला मनापासून आवडला.

पण पुरस्कारांची ही तीन नावे ऐकताना एक गोष्ट जाणवते. त्यांत कर्णधार प्रियांकाचे नाव नव्हते. यात काही गैर घडले असे मी म्हणत नाही. पुरस्कार योग्य मुलींनाच मिळाले. मात्र कोणती तुकडी केव्हा उतरवायची, पाठलागाला कुणाला कुठे बसवायचे, सामना हातात असताना मुलींना ढिले पडू द्यायचे नाही, या कामाला कोणत्याही गुणपत्रकात रकाना नाही. ते काम झाले होते याचा पुरावा म्हणजे ७८-४० हा निकाल.

याहूनही मोठे नोंदीबाहेर राहिलेले काम मी खो-खोत वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते म्हणजे खुद्द ‘खो’. पळणारा गडी चपळ असतो. तो बसलेल्या खेळाडूंच्या मधून हवा तसा शिरू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. म्हणून गडी एकट्याने पकडला जात नाही, त्याला घेरत न्यावे लागते. पहिली मुलगी त्याला कडेला रेटते आणि नेमक्या क्षणी खो देते. दुसरी उठते, त्याची वाट कापते आणि पुढे खो देते. तिसरी त्याला खांबाजवळ कोंडते. चौथी उठते आणि हात लावते. गुणपत्रकात क्रमांक लिहिला जातो तो चौथीचा. पहिल्या तिघींचा कुठेही उल्लेख नाही. बास्केटबॉलमध्ये गुण करणाऱ्याला शेवटचा पास कुणी दिला याची नोंद होते. तिला ‘असिस्ट’ म्हणतात आणि त्या आकड्याच्या बळावर तिथे खेळाडू मौल्यवान ठरले आहेत. ज्या खेळाचे नावच ‘खो’वरून पडले, त्या खेळाच्या पारंपरिक गुणपत्रकात खो देणाऱ्याला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? खेळ आहे, संघ जिंकला की झाले. पण आपल्या भागातल्या घरांत हा एवढासा प्रश्न नसतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, प्राप्तिकर, विमानतळ प्राधिकरण अशा खात्यांचे संघ खेळाडूंना घेतात. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, वडील पाळीवर जाणाऱ्या मुलीसाठी प्रमाणपत्र म्हणजे भिंतीवर लावायची शोभेची वस्तू नव्हे. दहावीनंतर तिने खेळत राहायचे की नाही, हे घरात त्या कागदावरून ठरते. जिच्या नावाने कंसात चार गडी आहेत तिच्याबद्दल आई-वडिलांना सांगता येते. ‘हिचा खो फार वेळेवर असतो’ एवढेच जिच्याबद्दल सांगता येते, तिची आई विचारते, ‘मग त्याचं पुढं काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे कधीच धड उत्तर नसे. खेळ सोडून गेलेल्या ज्या मुली मला आठवतात, त्यांत वेळेवर खो देणाऱ्या बऱ्याच आहेत.

राष्ट्रीय पातळीवरही हेच घडत आले. वडोदऱ्याच्या सुधीर परब यांना १९७० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे पुण्याच्या श्रीरंग इनामदारांसारखे खेळाडू त्या यादीत आले. पण १९९८ मध्ये शोभा नारायण यांना तो मिळाला आणि त्यानंतर खो-खोचा रकाना थेट २०२० पर्यंत कोरा राहिला. तेव्हा धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन मिळाला. मधल्या २२ वर्षांत एकलव्य आणि राणी लक्ष्मीबाई पुरस्कार घेणारे खेळाडू होतेच की. ते वाईट खेळत होते असे थोडेच आहे? देशाच्या कागदावर त्यांच्यासाठी जागा नव्हती, एवढेच.

कारखान्यातही मी हे तिन्ही काळ पाहिले. मी कामाला लागलो तेव्हा उत्कृष्ट कामगार म्हणजे ज्याचे नग जास्त आणि खाडे कमी. पुढे जपानी पद्धती आल्या, गुणवत्ता मंडळे आली, ‘कायझन’चे फलक लागले. मग ज्याच्या सूचना जास्त त्याचा सत्कार होऊ लागला. दोन हजार सालानंतर चाकणकडे मोठे वाहन कारखाने आले, यंत्रमानव आले आणि निम्म्याहून अधिक हात कंत्राटी झाले. मी ज्या एका ठिकाणी होतो तिथे वार्षिक सत्काराची यादी फक्त कायम कामगारांमधून होत असे. शेजारी उभा राहून तेच काम करणारा कंत्राटी मुलगा कितीही हुशार असला तरी त्या यादीत येऊच शकत नव्हता. आणि ज्या देखभाल फिटरमुळे वर्षभरात यंत्र एकदाही बंद पडले नाही, त्याचे नाव कुणी घेत नसे. जे बंद पडले नाही त्याची नोंद कशात करणार? महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार कारखान्यातल्या कामाबरोबर कामगाराच्या सामाजिक कामाकडेही पाहतो, म्हणून मला तो नेहमी थोडा वेगळा वाटत आला.

आता यातून करायचे काय? आकडे फेकून द्या असे मी म्हणणार नाही. आकडे नव्हते तेव्हा ओळखीच्या आणि मोठ्या शाळेच्या पोरांना झुकते माप मिळायचे, तेही मी पाहिले आहे. कागदावरचा आकडा हा गरिबाच्या पोराचा मोठा आधार असतो. माझे म्हणणे एवढेच की रकाने वाढवावेत, आणि वाढवताना मैदानात घाम गाळणाऱ्यांना विचारावे. गावपातळीवरच्या स्पर्धेत यासाठी काही खर्च येत नाही. गुणलेखकाशेजारी आणखी एका मुलाला बसवावे. गडी बाद झाला की हात कुणी लावला त्याबरोबर शेवटचा खो कुणी दिला, तेही लिहावे. दिवसाच्या शेवटी दोन्ही संघांतल्या खेळाडूंना एक चिठ्ठी द्यावी आणि समोरच्या संघातला सर्वांत चांगला खेळाडू कोण, ते विचारावे. जिने आपल्याला पळवून पळवून दमवले तिचे नाव मुली बरोबर लिहितात, मग ती हरलेल्या संघातली असली तरी.

वाचकांकडेही एक मागणे आहे. तुमच्या घरातले मूल सामना खेळून आले की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘किती गडी मारलेस?’ त्याच्या पाठोपाठ ‘खो किती वेळेवर दिलेस?’ हेही विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मूल बसकण मारून, जमिनीवर बोटाने मैदान आखून सांगू लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)